वाट चुकलेले पाखरू आणि कोरी वही

हिवाळ्याची चाहूल लागली की मराठवाड्यातील वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर एक बातमी हमखास झळकते. अमुक तलावावर किंवा तमुक शिवारात 'दुर्मीळ परदेशी पाहुणा' अवतरल्याची ती बातमी असते. सोबत लांबून टिपलेले छायाचित्र असते, पक्ष्याने किती हजार किलोमीटरचा प्रवास केला याचा ठोकळ आकडा असतो आणि पक्षिप्रेमींमध्ये आनंदाचे वातावरण असल्याचे शेवटचे वाक्य असते. चार दिवसांनी बातमी विसरली जाते. तो पक्षी खरोखरच दुर्मीळ होता काय, तो वाट चुकून आला होता की आपल्या नेहमीच्या वाटेवर होता, आणि त्याच्या येण्याची नोंद अखेर कोठे झाली, हे तीन प्रश्न मात्र तसेच राहतात.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव या प्रश्नांचा विचार करण्यासाठी सोयीचे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील हे गाव. येथे अभयारण्य नाही की पर्यटकांची रीघ लागावी असे पक्षितीर्थ नाही. शेतशिवार, नदीनाले, बाभळी, बांधावरची झुडपे आणि माळ असा दख्खनच्या पठारावरील शेकडो गावांसारखाच हा परिसर आहे. अशा ठिकाणी हजारो किलोमीटर दूरच्या प्रदेशातील एखादा गाणारा पक्षी उद्या सकाळी बांधावरच्या बोरीवर येऊन बसला, तर त्याचे काय होईल? बहुधा काहीच होणार नाही. तो बसेल, किडे टिपेल, एखादी लकेर घेईल आणि उडून जाईल. त्याला पाहणारा असेलच असे नाही. पाहणारा असला तर ओळखणारा असेलच असे नाही, आणि ओळखणारा असला तरी तो लिहून ठेवीलच असे तर मुळीच नाही.

पक्षिशास्त्रात आपल्या नेहमीच्या क्षेत्राबाहेर, अनपेक्षित ठिकाणी आढळलेल्या पक्ष्याला भरकटलेला पक्षी मानतात. ही व्याख्या सोपी वाटली तरी तिच्यात एक मेख आहे. नेहमीचे क्षेत्र कोणते हे ठरते ते आधीच्या नोंदींवरून. नोंदीच नसतील, तर दरवर्षी नेमाने येणारा पक्षीही भरकटलेला ठरतो, आणि खरोखर भरकटलेला पक्षी कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. भोरडी किंवा पळसमैना म्हणून ओळखला जाणारा गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा पक्षी हिवाळ्यात थव्याथव्यांनी आपल्याकडे उतरतो. ज्वारीच्या कणसांवर आणि पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर त्याची झुंबड उडते. त्याचे घरटे मात्र पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ, खडकाळ प्रदेशात असते. हाच पक्षी ब्रिटनच्या एखाद्या गावात उतरला, तर तेथील पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन धाव घेतात. २०१८ आणि २०२० च्या उन्हाळ्यात असे थवे नेहमीची हद्द ओलांडून पश्चिम युरोपात शिरले, तेव्हा तेथे त्यांचे मोठे अप्रूप झाले. इटलीतील व्हेरोनाजवळच्या व्हिलाफ्रांका येथे १८७५ साली हजारो भोरड्यांनी अचानक घरटी केली होती. दीडशे वर्षे उलटली तरी त्या घटनेचा उल्लेख पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत होतो. इंग्लंडमधील एका भोरडीची तारीख, ठिकाण आणि वेळ कागदावर येते. आपल्या शिवारातील हजार भोरड्यांची नोंद गोफणीच्या आवाजापलीकडे उरत नाही.

काळ्या डोक्याच्या भारिटाची कथाही अशीच. आग्नेय युरोपपासून इराणपर्यंत वीण करणारा हा गाणारा पक्षी हिवाळ्यासाठी आफ्रिकेकडे वळत नाही. तो पूर्वेची वाट धरून पश्चिम आणि मध्य भारतातील शेतांवर येतो. ब्रिटनमध्ये किंवा जपानमध्ये तो दिसला की बातमी होते, आपल्याकडे मात्र तो हंगामी पाहुणा आहे. दुर्मीळपणा हा पक्ष्याचा अंगभूत गुण नव्हे. पक्षी, ठिकाण आणि काळ या तिघांच्या मेळातून तो ठरतो. वृत्तपत्रांतील 'दुर्मीळ पाहुणा' बहुतेक वेळा यामुळेच फसवा ठरतो.

मग खरोखरच वाट चुकलेल्या पक्ष्यांचे काय? ते का चुकतात? गाणाऱ्या पक्ष्यांपैकी अनेक जाती रात्री प्रवास करतात. त्यांची पहिल्याच वर्षीची पिल्ले पुष्कळदा आईबापांच्या सोबतीशिवाय निघतात. कोणत्या दिशेने आणि साधारण किती काळ उडायचे, याची शिदोरी त्यांना वारशाने मिळालेली असते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आधारे ती दिशा राखली जाते. या यंत्रणेत थोडी जरी गफलत झाली किंवा वाटेत वादळी वाऱ्याने ढकलले, तरी हजारो किलोमीटरच्या प्रवासात त्या फरकाची मोठी दरी होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर कडे चढविलेल्या लाखो पक्ष्यांच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासून असे दाखविण्यात आले, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजते त्या काळात भरकटण्याचे प्रमाण वाढलेले दिसते.

तरुण आणि अनुभवी पक्ष्यांतील फरक दाखविणारा डच शास्त्रज्ञ पेर्डेक यांचा प्रयोग आजही मार्गदर्शक मानला जातो. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात हेगजवळ पकडलेल्या ११ हजारांहून अधिक युरोपीय मैना कडी चढवून विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडण्यात आल्या. अनुभवी पक्ष्यांनी आपली दिशा दुरुस्त केली आणि ते वायव्येकडील नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे वळले. पहिलाच प्रवास करणाऱ्यांनी मात्र मूळचीच दिशा धरून ठेवली आणि ते थेट दक्षिण फ्रान्स व स्पेनकडे गेले. विशेष म्हणजे, तेथे पोहोचलेल्या काही पक्ष्यांनी पुढील हिवाळेही त्याच नव्या प्रदेशात काढले. म्हणजे वाट चुकली, परंतु मुक्काम लाभला, आणि चुकीची वाट त्यांच्यापुरती बरोबर ठरली.

येथे विषय कुतूहलाची पातळी ओलांडतो. भरकटलेला पक्षी म्हणजे निसर्गाचा हिशेब चुकल्याचे लक्षण, असे पूर्वी मानले जाई. त्यातील बहुतेक मरतात हे आजही खरे असावे. पण काही जण उरतात, परततात आणि त्यांच्यामागे नवी वाट पडते. मध्य युरोपातील ब्लॅककॅप हा वटवट्यांच्या कुळातील छोटा गायक हिवाळ्यात नैर्ऋत्येला, स्पेनच्या बाजूला जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातील काही ब्रिटनमध्ये हिवाळा काढू लागले. तेथील बागांमधील दाणापाणी आणि सौम्य झालेले हिवाळे त्यांच्या पथ्यावर पडले. ही दिशा पिल्लांमध्ये वारशाने उतरते, हे जर्मन शास्त्रज्ञ पीटर बेर्टोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रयोगाने दाखवून दिले. रिचर्ड पिपिट ही सैबेरियात वीण करणारी आणि हिवाळ्यात भारतासह दक्षिण आशियात येणारी तीरचिमणी. पश्चिम युरोपात ती भरकटलेली म्हणूनच मोजली जाई. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र निराळे चित्र मांडले. दक्षिण फ्रान्समध्ये दिसणारे हे पक्षी योगायोगाने आलेले नसून दरवर्षी तेथे परतत आहेत आणि पूर्व-पश्चिम असा एक नवा स्थलांतर मार्ग आकार घेत आहे, असे त्यात दिसून आले. आज आपल्याकडे येणाऱ्या एखाद्या जातीचा ओघ उद्या दुसरीकडे वळला, किंवा दुसरीकडचा आपल्याकडे वळला, तर ते आपल्याला कळणार कसे? त्यासाठी कालचे चित्र लिहून ठेवलेले हवे.

अर्थात, नोंद हवी म्हणून वाटेल ती नोंद चालत नाही. खोटी नोंद ही नोंद नसण्याहून घातक असते, याचा धडा महाराष्ट्रानेच घेतलेला आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड गाणाऱ्या पक्ष्यांत मोडत नाही, तरी त्याची हकिकत येथे सांगणे आवश्यक आहे. ह्यूम यांनी १८७३ साली शास्त्राला परिचित करून दिलेला हा पक्षी १८८४ नंतर दिसेनासा झाला. त्यानंतरचा एकमेव पुरावा म्हणून रिचर्ड मायनर्त्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे मिळविल्याचे सांगितलेला नमुना दाखविला जाई. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळविलेला असल्याचे उघड झाले. मायनर्त्झहागेनने तो चोरून, नव्याने शिवून, खोट्या चिठ्ठीसह आपल्या नावावर खपविला होता. ही बनावट नोंद बाजूला सारल्यावर शोधाची दिशा बदलली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत सापडला. एका खोट्या चिठ्ठीने या पक्ष्याच्या शोधाची अनेक दशके दिशाभूल केली होती.

याउलट, एका खऱ्या नोंदीचे मोल किती असते, हे मोठ्या चोचीच्या वटवट्याने दाखविले. १३ नोव्हेंबर १८६७ रोजी ह्यूम यांनी आजच्या हिमाचल प्रदेशात, सतलजच्या खोऱ्यात हा पक्षी मिळविला. पुढे सुमारे १३९ वर्षे जगाला या जातीचा तो एकच नमुना ठाऊक होता. ही स्वतंत्र जात आहे की एखादा विचित्र संकर, याविषयीही वाद होता. २७ मार्च २००६ रोजी थायलंडमध्ये जाळ्यात आलेल्या एका वटवट्याचे पीस तपासले गेले, त्याची जनुकीय चाचणी १८६७ च्या नमुन्याशी ताडून पाहण्यात आली आणि वाद मिटला. त्यानंतर ब्रिटनमधील ट्रिंगच्या संग्रहालयात, दुसऱ्याच वटवट्याच्या नावाने ठेवलेला १८६९ चा एक नमुना याच जातीचा निघाला. पुढे अफगाणिस्तानच्या वाखान भागात त्याची वीण होत असल्याचे आढळले. ह्यूम यांनी तारीख आणि ठिकाण नीट लिहिले नसते, तर ही साखळी जुळलीच नसती.

या पार्श्वभूमीवर मराठवाड्याची वही उघडून पाहावी. निजामाच्या राजवटीत १९३१-३२ साली डॉ. सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. तिचा वृत्तांत ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठवाडा त्या संस्थानाचाच भाग असल्याने आपल्या प्रदेशातील पक्ष्यांचा तो पायाभूत दस्तऐवज ठरतो. त्यानंतर संस्थान विलीन झाले आणि मराठवाडा महाराष्ट्रात आला. १९७६ साली जायकवाडीचे धरण पूर्ण होऊन नाथसागर भरला, १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९८६ साली जायकवाडीला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्वारी-बाजरीच्या शिवारात कापूस आणि सोयाबीनने पाय पसरले, मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या. प्रदेशाचे रूप एवढे पालटले, परंतु गावोगावच्या पक्ष्यांची पाहणी त्या वेगाने पुढे गेली नाही. निरीक्षकांची गर्दी पुण्या-मुंबईच्या परिसरात, भिगवणला, नाथसागरावर होते. जाफराबाद-भोकरदनच्या शिवारांकडे दुर्बीण घेऊन कोण जातो?

ज्यांना ठाऊक होते, त्यांना मात्र कोणी विचारले नाही. ज्वारी निसवली की माळ्यावर उभे राहून गोफण चालविणाऱ्या राखणदाराला कोणते पाखरू कोणत्या पंधरवड्यात येते, कोणते कणीस फोडते आणि कोणते नुसत्या अळ्या टिपते, हे तोंडपाठ असे. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकारी-लेखकाने लोकांच्या तोंडची अशी नावे आणि माहिती जमविण्यासाठी आयुष्य वेचले. 'पक्षीकोश' हे त्याचेच फळ. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले. इकडे ज्वारीचे क्षेत्र घटत चालल्याने राखणदारही माळ्यावरून उतरला. त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची एक न लिहिलेली वही मिटते आहे.

हे केवळ हळहळण्याचे कारण नव्हे, याचा व्यवहाराशी संबंध आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालासाठी सुमारे ३० हजार निरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटी नोंदी तपासण्यात आल्या. ९४२ जातींचा विचार झाला, परंतु दीर्घकालीन कल सांगता येण्याइतकी माहिती केवळ ३३८ जातींविषयी मिळाली. त्यांतील २०४ जाती घटल्याचे दिसले. गवताळ प्रदेशासारख्या मोकळ्या अधिवासांतील पक्ष्यांची स्थिती विशेष चिंताजनक असल्याचे अहवाल सांगतो. जालन्यासारख्या जिल्ह्यातील माळराने हा नेमका तोच अधिवास. सरकारी दप्तरात मात्र असे माळ पुष्कळदा 'पडीक जमीन' म्हणून लागतात. पडीक म्हटले की तेथे काही जगत नाही, असा अर्थ आपोआप निघतो. रस्ता, वीजवाहिनी, सौर प्रकल्प वा औद्योगिक वसाहत यांच्यासाठी जागा निवडताना 'या भागात महत्त्वाच्या पक्ष्यांची नोंद नाही' असे वाक्य अहवालात लिहिणे मग सोपे जाते. ते वाक्य खोटे नसते. नोंद नाही हे खरेच असते. पक्षी नाहीत असा त्याचा अर्थ मात्र होत नाही. विकासाला विरोध करण्यासाठी नव्हे, तर निर्णय डोळसपणे व्हावेत म्हणून हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

यावर उपाय महागडे नाहीत. राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचे ठरविले आहे. तो भाषणे आणि घोषवाक्यांपुरता न राहता प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयाने आपल्या परिसरातील दोन ठिकाणे निवडून दर महिन्याला ठरलेल्या वेळी पक्षी मोजले, तर दहा वर्षांत जिल्ह्याची वही तयार होईल. ई-बर्डसारखी विनामूल्य व्यवस्था हाताशी आहे. तिथे अनपेक्षित नोंद आली की जाणकार परीक्षक प्रश्न विचारतात, छायाचित्र किंवा आवाजाचे ध्वनिमुद्रण मागतात. ही तपासणी कोणाच्या प्रामाणिकपणावरील शंका नव्हे. मायनर्त्झहागेनच्या प्रकरणानंतर ती अपरिहार्य आहे.

नोंद कशी करावी, हेही टेंभुर्णीच्याच नावावरून शिकता येईल. टेंभुर्णीच्या झाडावरून पडावे असे हे नाव एकाच गावाचे नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, उजनी धरणाजवळ पुणे-सोलापूर महामार्गावर दुसरी टेंभुर्णी आहे आणि ती अधिक प्रसिद्ध आहे. 'टेंभुर्णी येथे दुर्मीळ गायक पक्षी दिसला' एवढीच बातमी छापली, तर पन्नास वर्षांनी ती वाचणारा अभ्यासक उजनीच्या पाणलोटात शोध घेत बसेल. तेव्हा तालुका आणि जिल्हा हवा, तारीख व वेळ हवी, झाड कोणते, पक्षी काय करीत होता, सोबत कोण होते, हेही हवे. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्याची शक्यता पडताळून पाहायला हवी. झिजलेली पिसे, पायातील कडे, माणसाला न भिणे अशा खुणा त्यासाठी उपयोगी पडतात. ओळख पक्की नसेल, तर 'अनोळखी वटवट्या' असे लिहिण्यात कमीपणा नाही.

वृत्तपत्रांचीही येथे जबाबदारी आहे. 'दुर्मीळ' हा शब्द छापण्यापूर्वी जाणकाराला एक दूरध्वनी करणे अवघड नाही. प्रत्येक अनपेक्षित पक्ष्याचे खापर हवामानबदलावर फोडणे जितके सोपे, तितकेच ते अविचाराचे आहे. एका पक्ष्यावरून कल ठरत नाही. तो अनेक वर्षांच्या नोंदींवरून ठरतो. आणखी एक पथ्य छायाचित्रकारांनी पाळावे. वाट चुकलेला पक्षी हा थकलेला, भुकेलेला जीव असतो. त्याच्या जातीचा आवाज भ्रमणध्वनीवर वाजवून त्याला पुनःपुन्हा फांदीवर आणणे किंवा दहा गाड्यांनी त्याला घेरणे म्हणजे उरलीसुरली ताकदही काढून घेणे होय.

उद्याच्या थंडीत टेंभुर्णीच्या एखाद्या बांधावर अनोळखी लकेर ऐकू येईल किंवा येणार नाही, हे कोणी सांगू शकत नाही. ती ऐकणारा कदाचित शाळेत निघालेला मुलगा असेल, कदाचित कापूस वेचणारी बाई असेल. त्यांनी ती गोष्ट शाळेतील शिक्षकांना सांगावी, शिक्षकांनी ती हसण्यावारी न नेता तारखेसह वहीत उतरवावी आणि ती वही कोणीतरी जपून ठेवावी, एवढेच आपल्या हाती आहे. ह्यूम यांनी सतलजकाठी केलेल्या नोंदीचा अर्थ लागायला १३९ वर्षे गेली, पण तो लागला, कारण ती नोंद होती.